काळीपिवळीत जागा नव्हती

हे कोणालेच माहीत नाही. माह्या पोरीले नाही, जावयाले नाही, जिच्यासंगं एकतीस वर्षं काढली तिलेबी नाही — तिले तर सगळ्यात आधी सांगाचं होतं. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका होतील. पण जे केलं ते चुकून केलं नव्हतं, म्हणून लिहून राह्यलो.

मी फुलसावंगी ते महागाव काळीपिवळी चालवत होतो. काळीपिवळी म्हणजे आमच्याकडची सवारी जीप. कागदावर नऊ माणसं, बसत सोळा. कापसाचे भाव पडले त्या वर्षांत सवाऱ्या कमी झाल्या, लोक पायीच निघत. पण हंगामात सकाळी वेचणीच्या बाया शेतावर पोचवाच्या राहत. "सरका वं बाया, होते जागा" — दिवसातून पन्नासदा हे माह्या तोंडातून निघे. एखादी म्हणे, "भाऊ, आता काय टपावर बसू का?" मी म्हणो, "बस, पण वाकून बस. बाभळीच्या फांद्या खाली आल्या आहेत." हासत जात बाया. माही बायको गिरजाबी त्यांच्यातच राहे.

हे जागेचं कायले सांगून राह्यलो? समजेल तुमाले.

गिरजाले दसऱ्याच्या सुमारास छातीत एक गाठ लागली. सुपारीएवढी. दुखत नव्हती. तिनं मले हात धरून दाखवली — तोंड दुसरीकडं करून, लाजत. वेचताना बाया कापूस भराले खांद्यावरून फडकं बांधतात, त्याचा पिळा नेमका तिथंच येते. दिवसभर ओझ्यानं रगडते. मी म्हटलं, "फडक्यानं घासून आलं ते. हळद लाव." तिनं लावली. दुसऱ्या दिवसापासून फडकं दुसऱ्या खांद्यावर बांधू लागली.

मले ते पटलं होतं का? तवा पटलं होतं, खरं सांगतो. पण दिवाळी झाल्यावर तिनं पुन्हा दाखवली, तवा ती लिंबाएवढी झाली होती, आणि खांदा तर तिनं कवाच बदलला होता. तवा मले पटत नव्हतं. तरी बोललो तेच. हळद लाव. हंगाम होऊ दे, मग पाहू.

त्या साली मंदा, आमची एकुलती एक पोरगी, नागपूरहून नाताळाच्या सुट्टीत आली. जावई तिकडं एका कान्व्हेंटात क्लार्क, नात तिथंच तिसरीत. दिवाळीत सासरी राहावं लागलं म्हणून आता आली. आमच्या गल्लीत नाताळ कोणाले माहीत? शेजारीण विचारे, "पोरगी बिनसणाची कशी आली वं? भांडून आली का?" गिरजा म्हणे, "सण आहे त्यांचा शाळेतला, तुले काय समजते!" नातीनं रंगीत कागदाची चांदणी करून दारावर लावली. येणाऱ्याजाणाऱ्याले गिरजा ती मान वर करून पाह्याले लावे.

सहस्रकुंडाले जाचं ठरलं. पैनगंगेचा धबधबा, ढाणकीवरून पुढं. जावयाची बहीण ढाणकीले राहे, तिच्या घरची सहा माणसं रस्त्यात बसणार होती. माहूर गिरजानं दहादा पाह्यलं होतं, धबधबा एकदाबी नाही. ज्याच्या घरी गाडी, त्याची बायको पायी — तसंच होतं आमचं. तिनं हिरवं लुगडं काढून ठेवलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "अवो, उद्या तिकडं पाण्यापाशी मंदाले बाजूले घेऊन सांगीन म्हणते. इथं घरात जावई राहते, बोलता येत नाही. नागपूरले मोठे डॉक्टर आहेत म्हणे."

मी म्हटलं, "सांग."

सांग म्हटलं, आणि भेव वाटलं. कायचं? तिच्या दुखण्याचं वाटलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. मंदा विचारील — बाबा, तुमाले कवापासून माहीत आहे? — हे आलं मनात. आणि दुसरं आलं ते याहून हलकं होतं. मंदा तिले नागपूरले घेऊन जाईल. महिना, दोन महिने. सकाळी पाच वाजता गाडीवर जाच्या आधी मले चहा कोण मांडून देईल? हो. चहा. हेच आलं होतं मनात. बाकी काही मोठं कारण मी आजवर शोधलं, सापडलं नाही.

सकाळी गिरजा चुलीपाशी भाकरी बांधून राह्यली होती. ठेचा, पिठलं, मेथीची भाजी, सगळ्यांपुरतं. मंदा मोरीत नातीले आंघोळ घालत होती. मी चुलीपाशी बसलो आणि हळूच म्हटलं, "मंदा म्हणते, नणंदेची माणसं आहेत, गाडीत जागा होणार नाही. आईले राहू द्या म्हणते."

गिरजानं माह्याकडं पाह्यलं. मग उघड्या दारातून गाडीकडं पाह्यलं. जिच्यात सोळा माणसं कोंबलेली तिनं रोज पाह्यली, त्याच गाडीकडं. तिले जागेचं खरं वाटलं का? कसं वाटेल? तिनं एवढंच समजून घेतलं की पोरीले आपण नको आहो. नणंदेच्या शिकलेल्या माणसांत नको. ते तिच्या तोंडावर मले दिसलं. सगळं दिसलं. मी उठून गाडीत पाणी टाकाले गेलो.

तिनं लुगडं बदललं, फडकं घेतलं आणि मागच्या दारानं वेचणीले निघून गेली. पोरीसमोर उभी राह्यली नाही.

मंदा ओल्या हातानं बाहेर आली. "आई कुठं गेली?"

"गेली वेचाले. मालकिणीले शब्द देला म्हणे. ती काही येत नाही."

"मी चार दिवसाची आली, अन् तिले कापूस सुचते?"

"तिचा स्वभावच तसा," मी म्हटलं. लगेच निघालं तोंडातून. अडखळलोबी नाही.

धबधब्यावर पाणी बरं होतं. काळ्या दगडावरून पांढरं फेसासारखं पडत होतं. नात टाळ्या पिटत होती. नणंदेचा नवरा फोटो काढून राह्यला होता, जावई म्हणे, "मामाजी, इकडं पाहा, जरा हासा." मी हासलो. तो फोटो मंदाच्या घरी भिंतीवर आहे. आम्ही दगडावर बसून गिरजाच्या भाकरी खाल्ल्या. नणंद म्हणाली, "मामीच्या हातचा ठेचा एक नंबर आहे हो." मंदानं ठेच्याले हात लावला नाही, रुसली होती आईवर.

घरी आलो. नातीनं आजीसाठी बाटलीत धबधब्याचं पाणी भरून आणलं होतं. गिरजानं ते दोन्ही हातानं घेतलं, नातीचा मुका घेतला. मंदाशी ती धड बोलली नाही, मंदा तिच्याशी बोलली नाही. मायलेकी दोन दिवस एकमेकींपासून चोरासारख्या फिरत होत्या, आणि मी मधात बसून चहा प्यालो. मग मंदा नागपूरले गेली. गाठीचं राहून गेलं.

मी नेलं का दवाखान्यात, हंगाम झाल्यावर? नाही. तिनं पुन्हा म्हटलंच नाही, आणि मी विचारलं नाही. पावसाळ्यात ती गाठ फुटली, तवा वास येऊ लागला, तवा नेलं. यवतमाळहून नागपूरले पाठवलं. डॉक्टर मंदावरच ओरडला — इतके दिवस काय करत होते तुम्ही? मंदा रडत म्हणाली, "आम्हाले माहीतच नव्हतं, साहेब." मी बाजूले उभा होतो, थर्मास धरून.

मंदा सतरा दिवस आईच्या खाटेपाशी होती. न्हाऊ घाले, वेणी घाले, चमच्यानं पेज पाजे. रोज विचारे, "आई, मले काहून नाही सांगतलं वं? मी का परकी होती?" गिरजा तिच्या तोंडाकडं पाहे आणि भिंतीकडं कूस वळवे. मंदाले आजबी वाटते, त्या सुट्टीत आपण रुसलो म्हणून आईनं मनात ठेवलं. मागच्या खेपेले आली तवा नातीले सांगत होती, "माहीच चूक झाली, मीच मागं धावत शेतात जाले पाह्यजे होतं." मी तिथंच बसून जेवत होतो.

पण मले खरं जे सांगाचं ते हे नाही.

शेवटच्या दिवसांत एका दुपारी मंदा औषध आणाले खाली गेली. खोलीत आम्ही दोघंच होतो. गिरजानं डोळे उघडले. आवाज बारीक झाला होता, मी कान जवळ नेला. ती म्हणाली, "अवो, मंदाले माही लाज वाटे का? खरं सांगा."

एवढंच विचारलं तिनं. एक नाही म्हटलं असतं तर झालं असतं. ते जागेचं मीच बोललो होतो, मंदा नाही — एवढ्याले किती येळ लागते?

मी म्हटलं, "बोलू नको, दम लागते तुले."

मग ती बोलली नाही.