आण्णांचा फोन मी रूट केला ती दुपार

मी आजवर सात फोन रूट केले आणि त्यातला एकच मेला. तो पहिला, माझा स्वतःचा होता, म्हणून मी तो धरत नाही. आमच्या निमगाव सावात कुणालाही विचारा, फोनच्या कामात हिचा हात धरणारं कुणी नाही म्हणतील. काही जण ‘ह्या बाईला दुसरा उद्योग नाय’ असंही म्हणतील. म्हणू देत.

रूट म्हणजे काय ते सांगते. फोन आपण घेतो, पण आतल्या काही खोल्यांना कंपनी कुलूप लावते आणि चावी स्वतःकडे ठेवते. रूट केला की ती चावी आपल्या हातात येते. मग आतलं वाचता येतं, बाहेर काढता येतं, बदलताही येतं. माझ्या पहिल्या फोनात लेकीचे रांगतानाचे व्हिडिओ होते. कुलूप उघडायच्या नेहमीच्या पद्धतीत आधी सगळा फोन पुसला जातो, हे मी फोन पुसून झाल्यावर वाचलं. दोन दिवस घास गोड लागला नाही. तेव्हापासून मी आधी वाचते आणि मग हात लावते.

आण्णा म्हणजे माझे सासरे. द्राक्षाचा प्लॉट त्यांचा जीव की प्राण. यंदा पहिल्यांदाच माल परदेशी जाणार होता. त्यासाठी कोणतं औषध कधी मारलं याची नोंद दाखवावी लागते, कारण प्रत्येक औषधाची मुदत असते. तेवढे दिवस गेल्याशिवाय माल तोडायचा नाही. वहीत मागाहूनही लिहिता येतं, हे तपासणीच्या साहेबांनाही ठाऊक असतं. म्हणून आण्णा फोनमधल्या एका ॲपमध्ये नोंदी करायचे. तारीख ते ॲप स्वतःच टाकायचं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून, फोन तोंडासमोर धरून आण्णा मोठ्यानं बोलायचे आणि ॲप ते लिहून घ्यायचं. शेजारीपाजारी हसायचे, “आण्णा फोनला फवारणी शिकवत्यात!”

सोमवारी साहेब येणार होते आणि शनिवारी सकाळी ॲप उघडेना. ज्या कंपनीचं ते ॲप, तीच बंद पडली होती. पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं. अख्ख्या हंगामाच्या नोंदी आत कोंडल्या होत्या. त्या दिसल्या नाहीत तर माल परदेशी जाणं विसरा. आण्णांनी चहाचा कप तसाच बाजूला सारला, आणि ते चहा सारतात म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

आमचे हे लगेच उठले. “द्या इकडं. नारायणगावला नेतो अन् सॉफ्टवेअर मारून आणतो.”

आमच्याकडे हा एक रोगच आहे. फोन गरम झाला, मार सॉफ्टवेअर. आवाज येईना, मार सॉफ्टवेअर. मी हातातली परात ठेवून ओरडले, “अहो, सॉफ्टवेअर मारलं की आतलं सगळं धुऊन निघतं! नोंदी पायजेत का नुसतं डबडं पायजे?” तरी हे फोन खिशात घालून गाडीला किक मारायला निघाले. मी अंगणात जाऊन गाडीची चावीच काढून घेतली. एवढी कसली घाई, असं तेव्हा मनात आलं होतं, पण ते मी बाजूला ठेवलं.

फोन जुना होता. आण्णांनी तो एकदाही अपडेट केला नव्हता. विचारणा आली की ते ‘नंतर’वर बोट ठेवायचे. “चालतंय तर कशाला हात लावायचा?” मी त्यावरून त्यांना किती बोलले असेन! पण त्याच हट्टामुळे त्या फोनातली एक जुनी फट बुजायची राहिली होती. त्या फटीतून काही न पुसता आत शिरता येत होतं. मी सगळं दोनदा वाचलं, लॅपटॉप ओट्यावर मांडला, केबल जोडली. पहिल्या खेपेला फोन बंद पडून आपोआप चालू झाला. दुसऱ्या खेपेला चालू होताना पडद्यावर येणाऱ्या कंपनीच्या नावावरच अडकला. आण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. “आण्णा, माझ्याकडं बघू नका, वेलींकडं बघा,” मी म्हणाले. ते खरंच उठून प्लॉटात गेले.

तिसऱ्या खेपेला लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत डॉलरची खूण गेली आणि तिच्या जागी आडव्याउभ्या रेघांची छोटी जाळी आली. ही जाळी दिसली की समजायचं, चावी हातात आली. आली बाई! मी घरची मालकीण झाले होते. नोंदींची फाइल आधी लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि मग उघडली. तारीख, औषध, प्रमाण, शेरा, सगळं जागच्या जागी होतं. मला एवढा आनंद झाला की मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग खाली येत येत एका ओळीवर थांबले. सोळा दिवसांपूर्वीची नोंद. औषध भुरीचं, म्हणजे मण्यांवर पांढरी भुकटी धरते त्या रोगाचं. त्याची मुदत तीस दिवसांची. शेऱ्यात लिहिलं होतं, ‘मी डिंगोऱ्याला बहिणीकडं व्हतो. पोरानं मारलं. मला इचारलं नाय. बाटली मोटरीच्या मागं सापडली.’

पोरानं म्हणजे आमच्या ह्यांनी.

हे माझ्या मागेच उभे होते. घाईचं कारण मला आता कळलं. “वाटलंच व्हतं, त्यांच्या नजरंतून काय सुटत नाय,” ते हळूच म्हणाले. “भुरी दिसली अन् मी घाबरलो गं. आण्णांची एवढी मेहनत.” मग म्हणाले, “तुला येतं ना? ती ओळ उडव. कुणाला कळणार हाय?”

येत होतं. एक ओळ उडवायला मला मिनिटही लागलं नसतं, आणि जगातल्या कुणाही साहेबाला ते सापडलं नसतं. खोटं कशाला सांगू, बोट बटणापाशी गेलं होतं. पण आण्णांनी ती ओळ मोठ्यानं बोलून लिहिली होती. याच ओट्यावर, आम्ही आत जेवणाची पानं वाढत असताना, आणि आम्ही कुणी कान दिला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, ह्यांच्यावर आणि स्वतःवरही. मी लॅपटॉप मिटला आणि ह्यांना म्हणाले, “मी नाही उडवणार. आण्णा प्लॉटात आहेत. जा.”

हे गेले. ओट्यावरून मला दोघं दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. हे बोलत होते, आण्णा वेलीवरची वाळकी पानं काढत होते. मग आण्णांनी ह्यांच्या हातात एक कात्री दिली आणि दोघंही कामाला लागले.

सोमवारी साहेबांनी ती ओळ वाचली. “कुणी मारलं?” असं विचारल्यावर हे म्हणाले, “मी.” मुदत भरेपर्यंत तोड थांबली. ते बारा दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. काही घड मऊ पडले, ते ओझरच्या रस्त्याला बसून मीच विकले. बाकीच्या मालाचा नमुना तपासणीत पास झाला आणि माल गेला.

प्लॉटात काय बोलणं झालं, ते ह्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. ह्यांनी विचारलं होतं, “आण्णा, तुमाला ठावं व्हतं, तर माझ्यावर ओरडला का नाय?”

आण्णा म्हणाले, “रोज सांजच्याला ओट्यावर बसायचो, ते काय नुसतं फोनसाठी? तू येऊन सांगशील म्हणून बसायचो.”