टिटवीची चार अंडी

दुकान मुलाच्या हवाली केलं आणि माझ्या सकाळी मोकळ्या झाल्या. तेव्हापासून मी गावाबाहेरच्या तळ्याकाठच्या बागेत जातो. करंजाची झाडं, चार सिमेंटचे बाक, पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या, एवढीच बाग. घरच्यांना वाटतं मी तिथं फिरतो. मी नुसता बसतो. फिरतं ते पाणी.

आश्विनात पाणी थेट वरच्या पायरीला लागतं. बाकावरून पाय सोडले तर ओले होतील असं वाटत राहतं. थंडीत त्यावर धुकं बसतं आणि धुक्याआडून चक्रवाकांचा आवाज येतो, पक्षी मात्र दिसत नाहीत. मी डोळे अर्धवट मिटून ऐकतो. जागा आहे की झोपेत, हे माझं मलाच कळत नाही, आणि कळून घ्यायची घाईही नसते. दिवाळीनंतर पाणी रोज थोडं थोडं मागं सरकतं. मागं राहिलेल्या ओल्या गाळात लोक हरभरा पेरतात, पुढे टरबुजाचे वेल लावतात. बघता बघता तळ्याच्या पोटात हिरवं रान उभं राहतं. चैत्रात करंजाला कोवळी पानं येतात आणि सगळी सावलीच हिरवट होते. वैशाखात पाणी इतकं लांब जातं की पायऱ्या उतरून गेलं तर पुढे नुसत्या भेगा. हे सगळं बघताना मला फार सुख होतं. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलो आणि हे तळं एकदाही नीट पाहिलं नाही, याचा राग येतो तो स्वतःचाच.

उन्हाळ्यात त्या मोकळ्या तळात एक धनगर जोडपं मेंढरं घेऊन उतरतं. तीन वर्षांची ओळख. तो मला अप्पा म्हणतो, मी त्याला पाव्हणं. ऊन चढलं की तो करंजाच्या सावलीला येतो आणि आम्ही दोघं न बोलता बराच वेळ बसतो. त्याचं सगळं पंचांग टिटवीच्या अंड्यांत. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. तळात खाली घातली तर पाऊस कमी, पाणी तिथवर चढणार नाही. उंचवट्यावर घातली तर पाऊस दांडगा. दांडग्या पावसाचं चिन्ह दिसलं की हा आष्टी-कडा या गावांकडच्या खडकाळ माळाला आधीच निघणार, कारण ओल्या काळ्या रानात मेंढरांची खुरं कुजतात. चिन्ह नसलं तर मुक्काम इथंच, कारण माळावर या दिवसांत ना चारा ना पाणी.

"टिटवीला हवामान खात्यात चिकटवा," मी त्याची थट्टा करायचो.

"पगार घेत न्हाई ती, म्हून तर खरं सांगती," तो म्हणायचा.

गेल्या वैशाखात ती चार अंडी मलाच दिसली. पायऱ्यांपासून बरीच खाली, गाळातल्या एका खळग्यात, मातकट, काळे ठिपके असलेली. त्याच सकाळी गाळ उपसायला जेसीबी आला होता. तो वळून इकडेच येतोय असं मला वाटलं. माझ्या स्वभावात विचार नेहमी मागून येतो. मी अंडी रुमालात घेतली आणि बागेच्या भिंतीलगत मुरमाचा ढीग होता, त्यावर नेऊन ठेवली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. "तुझ्याच भल्याचं करतोय," मी तिलाच दटावलं. जेसीबी भलतीकडेच वळला. मी मोठं पुण्य केल्यासारखा घरी गेलो आणि पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी घरातल्या एका लग्नाच्या पत्रिका वाटण्यात बागेत जाणं झालं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर धनगराचं बिऱ्हाड उठलेलं. तो एकटाच मोठी मेंढरं गोळा करत होता.

"कावून हो पाव्हणं, एवढ्यात?"

"औंदा पाऊस लई हाय, अप्पा. परवा सांजच्याला जाता जाता बघितलं, टिटवीनं पार मुरमाच्या ढिगावर घातलीत. बायकू कोकरं घिऊन काल पहाटंच गेली म्होरं, कड्याच्या वाटनं."

अंड्यांवरून पाऊस कळत नाही, हे मीच त्याला दहादा सांगितलं होतं. मग मी ती हलवली तर काय बिघडलं, असंही मनात येऊन गेलं. पण कोकरं कोरड्या माळाकडे चालली होती, आणि ती माझ्यामुळे. दुकानात माल खराब निघाला तरी मी गिऱ्हाइकावरच आवाज चढवायचो. त्या सकाळी मात्र मी खालच्या आवाजात सांगून टाकलं.

"पाव्हणं, ती अंडी मी ठेवली तिथं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो ढिगापाशी गेला, एक अंडं उचलून कानाशी हलवून पाहिलं आणि हलकेच परत ठेवलं. दोन दिवस ती उन्हात उघडीच होती. खाली गाळात, मी ती जिथून उचलली त्या खळग्यापाशी, टिटवी उभी होती.

"ती तितंच थांबलीया," तो म्हणाला. "तिला कुणी सांगावं?"

मग त्याने खिशातून फोन काढून बायकोला लावला. "मागं फिर. माजंच बघण्यात चुकलं." तिकडून तिचा आवाज चढला. ऊन मरणाचं, कोकरं थकलेली, एकाला तर खांद्यावर घेतलंय, हे मला शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. माझं नाव त्याने काढलं नाही. ते मला सोसेना. मी फोन मागून घेतला.

"वैनी, त्यांची चूक न्हाई. अंडी मी उचलून वर ठेवली. जेसीबीखाली जातील असं वाटलं मला."

फोनमध्ये मागे कोकरांचा आवाज येत होता. बोलणी खायची तयारी करून मी उभा होतो.

"मंग जगली का ती?" तिने विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.