फक्त पाय

नांदुऱ्याच्या धान्यबाजारात तो मापारी होता. त्याच्या मापात खोट नसायची, म्हणून गणपतीतल्या नाचाच्या स्पर्धेलाही परीक्षक म्हणून त्यालाच बोलवत. शेजारच्या खुर्चीवर मी, शाळेचा मास्तर. तो नाचणारीच्या फक्त पायांकडे बघायचा.

“तोंड पाह्यलं का मन झुकते, मास्तर.”

त्या वर्षी घोट्यावर भाजल्याचा डाग असलेली एक पोरगी सगळ्यांत सुरेख नाचली. ती त्याचीच लेक. त्याने तिला भोपळा दिला.

मी चिडलो. “काऊन असं?”

“तिचे पाय मले ओयखू आले ना.”

लोकांनी त्याच्या न्यायाची वाहवा केली. मीही मान डोलावली.

पुढच्या वर्षी ती बायकांत बसली होती, पाय परकराखाली घट्ट झाकून.