सासूबाईंची टेकडी

धोबीणबाई टेकडीच्या माथ्यावर राहत, त्याला कारण वारा. सकाळी दोरीवर टाकलेल्या चादरी जेवणवेळेपर्यंत खडखडीत वाळत. नवरा गेल्यावर या वाऱ्याच्या भरवशावरच त्यांनी मुलीला वाढवलं, तिचं लग्न लावून दिलं.

मग नगरपालिकेने टेकडी उतरवायची ठरवली. चढावर माल ओढणारे घोडे घसरून पडत, बाजार पुढे सरकत नव्हता. मोठ्या नळाने पाण्याचा मारा करायचा आणि मातीचा चिखल लाकडी पन्हळींतून खाडीत सोडायचा, असं काम. त्यावर लागला नेमका धोबीणबाईंचा जावई.

"जावईबापू, सासूचं घर धुवायला निघालात?"

"घर नाही, आई. फक्त त्याच्याखालची टेकडी," तो मान खाली घालून म्हणाला.

शेजारीपाजारी भरपाई घेऊन गेले. बाई जागच्या हलल्या नाहीत. भोवतालची माती वाहून गेली आणि त्यांचं घर एका सुळक्यावर उरलं. जावई दिवसभर खालून पाणी मारी, संध्याकाळी शिडीने त्यांना घागरी पोचवी आणि वर बोलणी खाई. इंजिनिअर समजूत घालायला आला, तर बाईंनी त्याचाच धुतलेला सदरा त्याच्या हातात ठेवला. "असा सदरा खाली बाजाराच्या धुरात वाळवून दाखवा, साहेब." तो सदरा घेऊन उतरला.

शेवटी मुलगी शिडीखाली येऊन उभी राहिली. "आई, मला दिवस गेलेत. आता ही शिडी माझ्याच्याने चढवत नाही."

बाई वरून म्हणाल्या, "मग घर खाली आणा. पण मी आतून हलणार नाही."

सुळका पोखरून घराखाली ओंडक्यांची थप्पी रचली. जॅकवर घर तोलून एकेक ओंडका काढत गडी ते उतरवू लागले. आत बाईंची इस्त्री चालूच. घर जरा कललं की खिडकीतून आवाज येई, "डावीकडे धरा रे, माझे निखारे सांडतायत."

घर रस्त्याला टेकलं. पहिले काही दिवस बाईंचा चेहरा उतरलेला. चादरी ओल्याच राहत. जावयाने छपरावर मचाण बांधून दोऱ्या ताणून दिल्या. तोवर चढ संपल्याचं गिऱ्हाइकांना कळलं होतं. दाराशी गाठोडी येऊन पडू लागली, हाताखाली दोन बायका ठेवाव्या लागल्या. नात झाली, तिचा पाळणा इस्त्रीच्या टेबलाशेजारी, उबेला.

एके दिवशी बाईंनी जावयाला विचारलं, "ती पलीकडची टेकडी कधी धुणार? दुपारनंतर माझ्या दोऱ्यांवर तिची सावली पडते."

"तिथे माणसं राहतात, आई."

"मग त्यांना सांगा, खाली बरं असतं."