पाटी शिवणक्लासची

वर्तकनगरला नलूताईंकडे आम्ही तिघी जमलो की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "तो ब्लाउज आठवतो का गं?" मग आम्ही जे सुटतो ते जेवायची वेळ होईपर्यंत. हे किस्से कुणी मुद्दाम जमवलेले नाहीत. स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे साठत गेले.

तिघी म्हणजे निवृत्त नर्स नलूताई, आमची समुपदेशक शिल्पा आणि मी, शाळेतली चित्रकलेची बाई. ठाकुर्लीला पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. लैंगिक अत्याचार सोसलेल्या, बारा ते सतरा वयाच्या मुली दुपारी तिथे येत. पोलीस, हॉस्पिटल, कोर्ट हे सगळं दुसरीकडे व्हायचं. आमच्याकडे नुसतं यायचं, बसायचं, पुन्हा आपण आपल्याला सापडेपर्यंत. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि खोल्या सुटल्या. मला अजून दुपारी तीन वाजले की तिथला पंखा ऐकू येतो.

मुलींची नावं अर्थातच बदलली आहेत. सुजाताचे किस्से तिला विचारून सांगतेय. "सांगा, पण मला रडकी दाखवू नका," अशी तिची अट आहे.

*

मुलींकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून दारावर आम्ही पाटी लावली, 'शिवणक्लास'. आम्हाला केवढी हुशारी वाटली होती! दोन महिने झाले नाहीत तोच शेजारच्या काकू ब्लाउजपीस घेऊन हजर. "मापाचा सोबत आणलाय. मंगळवारी द्या हं!"

नाही म्हणावं तर बिंग फुटणार. नलूताईंनी जन्मभर जखमा शिवलेल्या, कापड कधीच नाही. तरी म्हणाल्या, "देऊ की!"

मशीन मागून आणलं. तिसऱ्या मंगळवारी ब्लाउज झाला. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी खांद्यापाशीच संपलेली. काकूंनी घालून बघितला, आरशासमोर वळल्या आणि विचारलं, "हल्ली अशी फॅशन आहे का?"

चौदा वर्षांची रंजना आल्या दिवसापासून एक शब्द बोललेली नव्हती. ती कोपऱ्यातून म्हणाली, "हो काकू, एकदम लेटेस्ट!" आणि पोट धरून हसत सुटली. आम्ही तिघी आत जाऊन रडलो. काकूंनी पुढच्या आठवड्यात आणखी दोन पीस आणले.

*

शिल्पा तेव्हा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. फाइल, फॉर्म, चार रंगांची पेनं. पहिल्याच मुलीला तिने गंभीरपणे विचारलं, "एक ते दहामध्ये सांग, आत्ता तुला कसं वाटतंय?"

मुलीने बराच विचार केला.

"भूक लागल्यासारखं."

शिल्पाने ते फॉर्मवर लिहिलं आणि खाली जाऊन वडापाव आणले. त्या दिवसापासून फॉर्म वडापावनंतर भरायचा, असं ठरलं.

*

आमच्या खोलीत एक नियम कडक होता. विचारल्याशिवाय कुणी कुणाला हात लावायचा नाही. टिकली लावायची असली, वेणी घालायची असली, पाठीवर थोपटायचं असलं, तरी आधी विचारायचं. समोरची 'नको' म्हणाली की विषय संपला. 'का नको' हेसुद्धा विचारायचं नाही.

एकदा एक मोठे पाहुणे आले. रंजना हार घेऊन समोर उभी राहिली. "घालू का?"

पाहुणे विनयाने म्हणाले, "अहो, नको नको, कशाला!"

रंजनाने शांतपणे हार टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. पाहुणे मान पुढे करून उभेच! सगळ्या भाषणभर त्यांचं लक्ष त्या हाराकडे होतं.

*

सुजाता शहाडहून यायची. पंधरा वर्षांची. भर मे महिन्यात भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तिची आई म्हणाली, "ताई, ही शाळेची कबड्डीची कॅप्टन होती हो. आता मैदानाच्या बाजूने जातसुद्धा नाही."

मी वेड्यासारखं विचारलं, "परत खेळायचंय का गं?"

"ती खेळणारी मुलगी वेगळी होती," सुजाता म्हणाली. "ती गेली."

ती हे रडून म्हणाली असती तर मला इतकं लागलं नसतं. घरचा पत्ता सांगावा तसं तिने सांगितलं. ती गेलेली मुलगी परत यावी, एवढंच मग आम्हाला हवं होतं, आणि ते कसं करायचं ते एकीलाही ठाऊक नव्हतं.

*

एक बाई बिस्किटांचे पुडे घेऊन आल्या. स्वतःच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "बिचाऱ्या गं पोरी!"

सुजाता चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "काकू, बिचारी कोण? या रंजनाने काल वीस पाणीपुऱ्या खाल्ल्यात. बिचारा तो भैया."

बाईंना हसावं की नाही ते कळेना. आम्ही मात्र हसलो.

*

मग सुजाताच्या केसमधल्या आरोपीला जामीन मिळाला. तो तिच्या चाळीतलाच, सगळे ज्याला मामा म्हणायचे तो. कोर्टाने त्याला चाळीत पाऊल ठेवायला बंदी केली होती, तरी सुजाताने घराबाहेर पडणं सोडलं. फोन नाही, निरोप नाही. शिल्पा म्हणायची, "माझंच काहीतरी चुकलं."

नलूताई दर गुरुवारी भिजवलेले वाल घेऊन शहाडला जायच्या, सुजाताच्या दारातल्या पायरीवर बसून सोलायच्या आणि उठून परत यायच्या. दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही. तिची आई म्हणायची, "जय भीम ताई, आत तरी या." नलूताई म्हणायच्या, "तिने बोलावलं तर येईन."

चौथ्या गुरुवारी दार उघडलं.

"ताई, तुम्ही निम्मे वाल चिरडताय. द्या इकडे!"

त्या दिवशी शहाडला बिरडं झालं आणि नलूताई आत बसून जेवल्या.

*

यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं. एकदा सुजाता म्हणाली, "रविवारी आमच्या मंडळाची मॅच आहे. यायचं असलं तर या." दुसरं काही नाही.

आम्ही तिघी आणि तिची आई, पहिल्या रांगेत. मला मॅच बघायचीच नव्हती. कबड्डीत काय होतं ते मला माहीत होतं. सात जणी मिळून एकीला धरतात, पाडतात, वर पडतात. शिल्पाने तर डोळेच मिटून घेतले होते.

सुजाता पहिल्याच चढाईला गेली. अर्ध्या बाह्यांची जर्सी, तोंडाने 'कबड्डी कबड्डी' सुरू. एकीने घोटा धरला, दुसरीने कंबर, आणि मग सगळ्याच तिच्यावर कोसळल्या. खालून तिचा एक हात तेवढा दिसत होता. मैदानावर आरडाओरडा चाललेला.

शिट्टी वाजली. पोरी एकेक करून उठल्या. सुजाता सर्वांत शेवटी. बाद झाली होती. कोपर खरचटलेलं, केसांत माती. रेषेबाहेर येऊन ती आमच्या समोरच बसली.

तिची आई धावत तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "सुजे! बाळा, ठीक आहेस ना? जाऊया का घरी?"

सुजाताने मान वाकडी करून आईच्या आडून मैदानात पाहिलं.

"आई, बाजूला हो ना! दिसत नाहीये. ती डाव्या कोपऱ्यातली बघ, कच्ची आहे."