आवळलेल्या तारा

१९७८च्या पावसाळ्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराविरुद्ध दंगल उसळली. दलित वस्त्या जाळल्या गेल्या, पूल उखडले गेले, एस.टी. बंद पडली. आमच्या गावाला येलदरी धरणाच्या पाण्याने तीन बाजूंनी वेढले होतेच. आता चौथ्या बाजूचा रस्ताही गेला. नौदलातला थोरला भाऊ तेव्हा रजेवर घरी होता. रजा संपत आली होती. वेळेत हजर झाला नसता, तर पळून गेल्याचा ठपका बसला असता. पश्चिमेच्या काठावरून विदर्भात जाता येत होते आणि तिकडे बस चालू होत्या. पण वाराही पश्चिमेचाच होता, आणि त्याच्या तोंडावर वल्ही मारत न्यायला कोणी भोई तयार नव्हता.

भावाने एक जुनी होडी मागून आणली. आडवी घसरू नये म्हणून बुडाला उभी फळी ठोकली, बांबूची डोलकाठी उभी केली, ताडपत्रीचे शीड शिवले. डोलकाठीला तिन्ही बाजूंनी कुंपणाच्या तारा बांधल्या. त्या आवळल्या वडिलांनी. कडब्याची गाडी बांधताना दोरात दांडकं घालून पीळ देतात, तसा पीळ त्यांनी दिला.

डोलकाठी धनुष्यासारखी वाकली. शीड पत्र्यासारखे सपाट झाले, त्यावर तिरक्या सुरकुत्या पडल्या. होडी आडवी घसरत आमच्याच काठाला परत आली. भावाने तारा सैल केल्या. जेवून आला, तर त्या पुन्हा आवळलेल्या.

तो म्हणाला, "आबा, शिडाला पोट पाहिजे. पोट न्हाई तर होडी वाऱ्यावर चढत न्हाई."

"आन् काठीच पडली तर? ही काय कडब्याची गाडी हाय, उतरून उचलायला?"

"पडत न्हाई. जरा डुलंल."

वडिलांनी तार सोडली नाही. म्हणाले, "ऱ्हा की मग इथंच. गेली नौकरी तर गेली. बैलं हायत, रान हाय."

"म्हणून तर जायलोय," भाऊ म्हणाला.

त्याने पक्कडीने एकेक पीळ उलटा काढला. डोलकाठी सरळ झाली, शिडात वारा भरला, पुढच्या अंगाला नीट पोट धरले. होडी तिरकी निघाली, दुसऱ्या अंगाला वळली, पुन्हा तिरकी. वडील काठाकाठाने तिच्याबरोबर चालत राहिले. जमीन संपली तिथे घोटाभर पाण्यात उभे राहिले.

बऱ्याच वेळाने पलीकडच्या काठाशी शीड खाली उतरलेले दिसले. मी म्हणालो, पोचला, आता घरी चला.

"दुसरीकडं कुठं जायचंय," वडील म्हणाले.