लेकीच्या गाडीचा टर्बो

गेली अठ्ठावीस वर्षं मी ट्रकच्या धंद्यात आहे. म्हणजे माझे ट्रक दुसरे लोक चालवतात आणि मी त्यांच्या मागे धावतो. मूळचे आम्ही घोटीकडचे, भाताची शेती करणारे. वडिलांनी पहिला ट्रक घेतला तो गिरणीचा तांदूळ वाहायला, आणि त्या ट्रकच्या मागे मी जो लागलो तो लागलोच. आता सहा ट्रक आहेत. नाशिकात द्वारका चौकाजवळ पत्र्याची शेड आहे, घर नाशिक रोडला आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये रोज सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकमध्ये बसून माझं आयुष्य झिजलं असं मी म्हणतो. बायको म्हणते, झिजलं कुठं, पोट तर वाढतंच आहे.

मुलगी एकच, सव्वीस वर्षांची. इंजिनिअर झाली आणि अंबडच्या एका कारखान्यात लागली. तिथे तिचं काम म्हणजे तयार झालेले पार्ट मोजायचे आणि कागदावर सही करायची. या कामाला ती कंटाळली होती. मी म्हणायचो, काम म्हटलं की कंटाळा आलाच, मला काय ट्रक बघून उकळ्या फुटतात का? ती हसायची. मग तिने स्वतःच्या पगारातून एक जुनी गाडी घेतली. छोटी, दोनच दारांची, मळक्या पांढऱ्या रंगाची. मागच्या सीटवर माणूस बसवायचा तर आधी त्याची घडी घालावी लागते. कॉलनीत लोक तिला स्पोर्ट्स कार म्हणू लागले. रविवारी शहराबाहेरच्या एका बंद मैदानावर काही पोरं-पोरी प्लास्टिकचे कोन मांडून त्यांच्यामधून वेळ लावून गाड्या पळवतात, तिथे ती जायची. नंबर बऱ्यापैकी खालून यायचा, पण घरी येताना चेहरा फुललेला असायचा.

वर्षभरात त्या गाडीचा टर्बो गेला. टर्बो म्हणजे एक चक्र. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ते फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, तर ताकद जास्त. तिची गाडी निळा धूर सोडायला आणि ऑइल प्यायला लागली, तेव्हा मी म्हटलं, होता तसाच नवीन टाक आणि मोकळी हो. ती म्हणाली, "बदलायचाच आहे तर विचार करून बदलते."

तिचा विचार सहा महिने चालला. तोवर गाडी ताडपत्रीखाली. तिच्यासमोर तीन टर्बो होते. एक जुन्या साइजचा. एक दणदणीत मोठा, जो मैदानावरच्या पोरांना आवडायचा. आणि एक मधला, बाहेरचं कवच जुन्याच मापाचं पण आतलं चक्र थोडं मोठं. जेवणाच्या टेबलावर तिचे कागद पसरलेले असायचे. गावाकडच्या डोंगराच्या नकाशात असतात तशा गोल गोल रेषांचे तक्ते, त्यावर पेन्सिलीने ठिपके. इंजिन अमुक फेऱ्यांना किती हवा मागतं, चक्र ती किती दाबाने देतं, सगळं ती हाताने काढायची. मला त्यातलं निम्मं कळायचं. अठ्ठावीस वर्षांत मी बारा-पंधरा टर्बो बदलले असतील, पण निवडला एकही नव्हता. जो बसतो तो बसवायचा.

शेवटी मी तिला उस्तादाकडे नेलं. द्वारकेच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. माझ्या सगळ्या ट्रकचे टर्बो वीस वर्षं तोच करतो. त्याने तिचे कागद पाहिले नाहीत, एकच विचारलं.

"बेटा, ओढायचंय का पळवायचंय?"

"वळणातून बाहेर पडायचंय, काका," ती म्हणाली. "मोठा टाकला तर वळण संपल्यावर जागा होईल. छोटा लगेच जागा होतो, पण पुढं धाप टाकतो. म्हणून मधला."

उस्ताद माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, पोरीनं अभ्यास केलाय. आपण यात डोकं नाय लावायचं."

मी डोकं लावलं.

का लावलं हे सांगायला हवं. आमच्या धंद्यात एक रीत आहे, कोणी कबूल करणार नाही. ड्रायव्हर गाडी पळवतो म्हणून मालक अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली एक बोल्ट बसवून घेतो. पेडल खालपर्यंत जातच नाही, गाडी ठरावीक वेगाच्या पुढे सरकत नाही. ड्रायव्हरला सांगायचं नसतं. त्याला कळतंच, पण तोही बोलत नाही. माझा एक ड्रायव्हर कसाऱ्याच्या घाटात उलटला होता. वाचला, पण एक पाय कामातून गेला तो गेलाच. आता तो शेडवर वॉचमन आहे आणि रोज सकाळी मला तो पाय ओढत चालताना दिसतो. तेव्हापासून माझ्या सहाही ट्रकना बोल्ट आहेत.

आणि मुलगी त्या रविवारच्या मैदानावर जायची ती काही उडत जात नव्हती. हायवेनेच जायची.

टर्बो बसवायच्या दिवशी ती ऑइल आणायला गेली होती. टर्बोला एक झडप असते, दाब जास्त झाला की उघडून तो सोडून देते. ती झडप कधी उघडायची हे एका बारीक रॉडवरच्या नटाने ठरतं. मी उस्तादाला म्हटलं, रॉड दोन आटे सैल कर. म्हणजे झडप लवकर उघडेल, दाब चढणारच नाही.

"शेठ, हे बरं नाय. तिचा हिशोब बिघडंल."

"तुझी मुलगी असती तर?"

त्याने पाना घेतला. दोन आटे सैल केले आणि नटावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका दिला.

हा ठिपका म्हणजे आमच्याकडे शब्द आहे. उस्तादाने नट लावला, मापात लावला, आता कोणी हात लावायचा नाही. दुसरा मिस्त्री गाडी उघडेल, सगळं खोलेल, पण ठिपक्याचा नट सोडून. मुलगी शाळेतून थेट शेडवर यायची त्या वयात मीच तिला हे शिकवलं होतं.

पुढचा दीड महिना माझ्या घरात जे झालं ते मला बघवत नव्हतं आणि मी बघत होतो. तिने डॅशबोर्डवर दाबाचा काटा लावला होता. तिच्या हिशोबाने तो सव्वापर्यंत जायला हवा होता. तो पाऊणला थांबायचा. तिने सगळे पाइप साबणाच्या पाण्याने तपासले, कुठे बुडबुडा येतो का म्हणून. क्लिपा बदलल्या. गॅस्केट बदललं. लॅपटॉप लावून इंजिनची सेटिंग पुन्हा पुन्हा केली. ठिपक्याच्या नटाला हात लावला नाही. एकदा उस्तादाला माझ्यासमोरच फोन केला, स्पीकरवर.

"काका, रॉडचं माप बरोबर आहे ना?"

पलीकडे पाना ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मी लावलाय ना, बेटा."

"मग झालं," ती म्हणाली. "मग माझंच चुकलंय."

मी वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणजे धरलं होतं.

तेव्हाच पुण्याची एक जागा निघाली होती. इंजिनांची चाचणी करणारी कंपनी, तिला हवं तेच काम. अर्जासोबत स्वतः केलेल्या एखाद्या कामाबद्दल लिहून द्यायचं होतं. तिने या टर्बोबद्दलच लिहिलं होतं, सात पानं. तक्ते, हिशोब, हाच का निवडला, तोच का नाही, सगळं. फक्त शेवटचं पान राहिलं होतं, गाडी प्रत्यक्षात किती दाब देते त्याचं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मी घोटीहून आलो. गिरणीबाहेर ट्रक चार तास उभा, हमाल नाहीत, नंतर एक टायर बसला. घरी आलो तेव्हा पाठीचा नुसता भुगा झाला होता. दुपारचे चार वाजले असतील. ती टेबलाशी बसली होती, समोर ती सात पानं.

"नाही पाठवत," ती म्हणाली. "चुकीचा टर्बो कसा निवडावा, हे काय कोणाला दाखवायचं?"

तेव्हा बोलायचं होतं. अर्ज रात्री बारापर्यंत चालणार होता, आठ तास होते. एक वाक्य पुरलं असतं. मी खरंच थकलो होतो, पण थकव्याच्या आड माणूस काय काय लपवतो ते मला त्या दिवशी कळलं. मी स्वतःला म्हटलं, आत्ता भांडण नको, उद्या शांतपणे सांगू. आणि चहा मागितला. तिनेच करून आणला.

उद्या, परवा, तेरवा. माझ्यासारख्या माणसाला उद्या मिळाला की तो महिनाभर पुरवतो.

एका रविवारी सकाळी ती मैदानावर गेली नाही. खाली पार्किंगमध्ये गाडी पुसत होती. मी दूध घेऊन येत होतो. तिने मला थांबवलं.

"पप्पा, जरा त्या बाजूला उभे राहा. काचेवर ऊन येतंय, फोटो नीट येत नाही."

"फोटो कशाला?"

"विकायला टाकते. मला यातलं कळत नाही हो. उगाच सहा महिने घातले."

ती हे रडत वगैरे बोलत नव्हती. बाजारभाव सांगावा तसं सांगत होती. माझी पोरगी स्वतःबद्दल असं बोलते आणि ते खोटं आहे हे जगात दोनच माणसांना माहीत आहे, त्यातला एक मी, आणि मी तिच्यासाठी उन्हाच्या आड उभा आहे. मला माझीच शिसारी आली.

"रॉड सैल आहे," मी म्हटलं. "दोन आटे. मी करायला लावला."

तिने मोबाइल खाली घेतला.

"कधी?"

"बसवला त्याच दिवशी. तू ऑइल आणायला गेली होतीस."

"मी काकांना फोन केला तेव्हा तुम्ही तिथंच होता."

"हो."

"आणि पुण्याच्या अर्जाच्या दिवशी?"

"तेव्हाही माहीत होतं."

मी घाटाचं सांगायला लागलो, ड्रायव्हरच्या पायाचं सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं की नाही माहीत नाही. डिकीतून पाना काढला, बॉनेट उघडलं, नखाने पिवळा रंग खरवडला आणि दोन आटे आवळले. मोजून दोन. मग गाडीत बसली. मी दूध सोसायटीच्या वॉचमनकडे दिलं आणि शेजारी जाऊन बसलो, तिने बोलावलं नव्हतं तरी.

सिन्नरच्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा मिळाला तिथे तिने गाडी नीट, सरळ, अजिबात घाई न करता वर नेली. काटा चढला आणि सव्वावर जाऊन थांबला. तिने कागदावर काढला होता तिथेच. पुढच्या वळणातून गाडी अशी बाहेर आली की मी दाराची मूठ धरली, पण टायरचा साधा आवाजसुद्धा झाला नाही. इतकी चांगली गाडी चालवणारा ड्रायव्हर माझ्याकडे कधीच नव्हता. मी ते बोललो नाही. शाबास म्हणायचा हक्क कमवावा लागतो आणि मी तो घालवून बसलो होतो.

घरी आल्यावर तिने गाडी लगेच बंद केली नाही. टर्बो तापलेला असतो, त्याला दोन मिनिटं नुसतं चालू ठेवून थंड होऊ द्यावं लागतं. आम्ही दोघं त्या लहानशा डब्यात समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.

"तुम्हाला भीती वाटत होती ना," ती म्हणाली, "तर मला सांगायचं. मी जुन्या साइजचाच घेतला असता."

मग तिने चावी फिरवली.

पुण्याची जागा भरली. दुसरी निघेल तेव्हा बघू, म्हणते. गाडी विकली नाही. उस्ताद घरी येऊन मान खाली घालून बसला, तिने त्याला चहा दिला, खारी दिली, आणि त्याच्याशी आधीसारखीच बोलते. माझ्याशीही बोलते. ट्रकच्या पेडलखालचे बोल्ट मात्र मी अजून काढलेले नाहीत. रोज सकाळी शेडवरचा वॉचमन दिसतो आणि धीर होत नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. मी म्हटलं, तू हात खराब करू नकोस, मी बदलतो. गुडघे कुरकुरत असताना खाली बसून मी स्टेपनी लावली, चारही नट अंगातला सगळा जोर लावून आवळले आणि उठलो. ती थांबली होती. मी बाजूला झालो तशी ती पाना घेऊन खाली बसली आणि मी आवळलेला एकेक नट पुन्हा आवळून बघितला. रागाने नाही, मला दाखवायला म्हणून नाही. चारही घट्ट होते. तिने चारही तपासले, हात पुसले आणि म्हणाली, "चला, पप्पा, तुम्हाला शेडवर सोडते."